साहेबांना उदाहरण मागू नये

"तुमच्यात ओनरशिप कमी पडतेय," असं साहेब म्हणाले की मान डोलवावी आणि "हो सर, बघतो" म्हणावं. काय बघणार, ते विचारायचं नाही. 'कोणत्या कामात, कधी, मी काय करायला हवं होतं आणि न केल्याने काय अडलं?' असा प्रश्न तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नये. उत्तर द्यायचं तर साहेबांना तुमचं एखादं काम आठवावं लागेल. भल्या माणसाला असं कोंडीत का पकडायचं?

काही विघ्नसंतोषी लोक मीटिंग संपली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल टाकतात: 'ठरल्याप्रमाणे मसुदा बुधवारी पाठवतो, आपण गुरुवारी तपासणार, अंतिम अहवाल शुक्रवारी. काही राहिलं असल्यास कळवावे.' हा निव्वळ खोडसाळपणा. अशा मेलला उत्तर आलं नाही तरी तो तारखेसकट इनबॉक्समध्ये पडून राहतो, आणि तीन महिन्यांनी "मी असं म्हणालोच नव्हतो" म्हणायची साहेबांची सोय जाते.

दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून काय केलं, कुणी सांगितलं होतं, किती वेळ किंवा पैसा वाचला, हे टिपून ठेवायचीही गरज नाही. साहेबांना सगळं आठवतं. म्हणजे, शेवटच्या दीड महिन्यातलं. वर्षाच्या सुरुवातीला तुम्ही क्लायंट वाचवला असेल, ते विसरलं गेलं. अप्रेझलच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या मूल्यमापनाच्या, आदल्या आठवड्यात एक्सेलमध्ये चुकलेली बेरीज मात्र तोंडपाठ असते. तेव्हा वर्षभर दमाने घ्या आणि शेवटी रात्री साडेअकराला मेल पाठवत सुटा.

तरीही रेटिंग तळाचं आलं तर दोष स्वतःतच शोधा. किती टक्के लोकांना कोणतं रेटिंग द्यायचं, हे वरून आधीच ठरून आलं असेल आणि कारण मागाहून शोधलं असेल, अशा शंका मनात आणू नयेत. जॅक वेल्श प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीत कर्मचाऱ्यांची २०-७०-१० अशी वाटणी होती: वरचे वीस टक्के, मधले सत्तर, आणि तळाच्या दहा टक्क्यांना घरचा रस्ता. मायक्रोसॉफ्टने २०१३ मध्ये असली सक्तीची क्रमवारी मोडीत काढली. असेल, आपल्याला काय त्याचं!

आणि ठरावीक मुदतीत काम सुधारून दाखवा असं सांगणारा सुधारणा योजनेचा कागद समोर आलाच, तर वाचत बसू नका. 'कम्युनिकेशन सुधारणे' हे मोजणार कशाने, मधले आढावे किती, निकाल कोण देणार, हे लेखी मागणं शोभत नाही. सहीखाली 'मिळाले, मजकूर मान्य नाही' एवढं लिहायला जागा असते खरी, पण फॉर्म स्वच्छ दिसलेला बरा.