थर्माकोलचं काळीज

बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका बंद सायकल दुकानाच्या पायऱ्या, हा आमचा कट्टा. गेट पडलं की अर्धी टिळकवाडी आमच्यापुढं थांबते, त्यामुळे श्रोत्यांची वानवा कधीच नसते. परवा विषय मीच काढला. पुतणी आठवीत आहे, मराठी माध्यमात. शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिच्या गटाच्या वाट्याला ‘मानवी शरीर’ आलंय. काकाचं फ्लेक्सचं दुकान आहे, म्हणजे प्रोजेक्ट काकाच करणार, असं घरात परस्पर ठरलंय.

“मग कर की,” बसू म्हणाला. “थर्माकोल कापायचा, हृदय करायचं, तांबडे-निळे एलईडी लावायचे. बटण दाबलं की लुकलुक. परीक्षक एका टेबलाजवळ दोन मिनिटं थांबतोय गा. त्याला काय दिसतंय तेवढंच खरं.”

बसू रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये आहे. घरी कन्नड, कट्ट्यावर मराठी, चिडला की दोन्ही. त्याचं अगदीच चुकत नव्हतं. दिवाळीनंतर असली हृदयं माझ्याच दुकानात छापली जातात. फाइल एकच, शाळेचं नाव तेवढं बदलायचं. गेल्या वर्षी एका प्रदर्शनात तीन टेबलांवर माझंच हृदय होतं. (धंद्यातलं असं बाहेर सांगू नये, पण आता सांगून बसलो.)

परशा उद्यमबागेतल्या कारखान्यात हायड्रॉलिक पंप जोडतो. लुकलुक ऐकून तो तापलाच.

“निळं रक्त कुठं बघितलंस रे? तू तर रोज काढतोस.”

“निळं कुठलं! शिरेतनं काढलेलं काळपट तांबडं असतंय. निळा रंग पुस्तकात, ओळखायला.”

“मग पोरगी काय सांगणार? रक्त निळं असतंय म्हणून! त्यापेक्षा पंप करा. बाटल्या, नळ्या, मधी दोन नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, एनआरव्ही. हृदय म्हणजे पंपच न्हवं?”

मी मधेच हुशारी केली. समोर गेट पडलेलं होतं. म्हटलं, व्हॉल्व्ह समजावायला हे रेल्वे गेट बरं पडेल, उघडतं, मिटतं. परशानं माझ्याकडं असं बघितलं की मी पायरी सरकून बसलो.

“गेट दोन्हीकडची गाडी अडवतंय. आणि त्याला गेटमन लागतोय. एनआरव्हीला कोण सांगत न्हाई. पुढनं दाब आला की उघडतोय, माल मागं फिरला की त्याच्याच दाबानं मिटतोय. हृदयाच्या झडपा तशाच. ते लब-डब म्हणतात न्हवं, तो झडपा मिटल्याचा आवाज.”

एवढं त्याला कुठून माहीत, हे विचारायची सोय नव्हती, कारण गाडी पुढंच निघाली होती. मोबाइलवर हिशेब झाला. एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, मिनिटाला ७२ ठोके, म्हणजे पाच लिटर. “पाच एलपीएमचा, म्हणजे मिनिटाला पाच लिटरचा पंप,” परशा म्हणाला. “प्रेशर बसू सांगेल.” रक्तदाबाचा वरचा आकडा, १२० मिलिमीटर पारा, म्हणजे ०.१६ बार निघाले. दोनशे बार दाबाच्या पॉवरपॅकवर काम करणारा माणूस आधी हसला. मग दिवसाला एक लाखावर ठोके भरतात हे दिसल्यावर गप्प झाला. “आणि सील किट न बदलता,” एवढंच म्हणाला.

बकऱ्याच्या हृदयाची कल्पनाही त्याचीच. खरं हृदय आणायचं, कापून दाखवायचं, झडपांना बांधलेल्या दोऱ्या पोरांनी डोळ्यांनी बघायच्या. बसूचा चेहरा कडू झाला. “यप्पा, आमच्या अव्वानं ती पिशवी उंबऱ्याबाहेरनंच परत पाठवली असती.” पुतणीच्या गटातली एक मुलगी जैनांची, एक लिंगायतांची. म्हणजे ते टेबलावर तर सोडाच, ज्या घरात प्रोजेक्ट बनणार त्या घरातही चालणार नव्हतं. तरी परशा रविवारी खाटकाकडं गेलाच. म्हणाला, “एक काळीज द्या.” घरी येऊन पिशवी उघडली तर आत लिव्हर!

आता यात खाटकाची काय चूक? ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणतो तेव्हा आपल्याला हृदय म्हणायचं असतं, आणि मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत मिळतं. तिथं हृदयाला ‘दिल’ म्हणतात. बायकोनं ते काळीज तव्यावर परतलं आणि शास्त्र तिथंच संपलं.

हे सगळं सुरू असताना सर आले, हातात मेथीची पिशवी. विज्ञान शिकवून रिटायर झालेत, पण कट्ट्यावर बसत नाहीत. उभ्यानंच बोलतात. काळजाचा किस्सा ऐकून मात्र पिशवी खाली ठेवली.

“परशराम, तुझा खाटीक गॅलनचा शिष्य दिसतोय,” म्हणाले. “गॅलन म्हणजे जुन्या रोमन काळातला वैद्य. त्याचं म्हणणं असं की रक्त यकृतात तयार होतं आणि शरीरभर जाऊन खर्ची पडतं. रोज नवीन. जवळजवळ चौदाशे वर्षं लोकांनी ते मानलं. मग विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं १६२८ मध्ये काय केलं? तुम्ही आत्ता मोबाइलवर केलंत तेच. ठोक्याला किती, ठोके किती. त्यानं आकडा मुद्दाम कमी धरला, तरी अर्ध्या तासात हृदयातून बाहेर पडणारं रक्त अख्ख्या शरीरात असतं त्याच्यापेक्षा जास्त भरलं. एवढं नवीन रक्त कुठल्या जेवणातून येणार? म्हणजे तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे.”

“सर, पण हे टेबलावर दाखवायचं कसं?” मी.

“बसवराज, तुझा पट्टा आहे का?”

बसू घरोघरी सँपल घ्यायला जातो, पट्टा पिशवीतच असतो. तो परशाच्या दंडाला बांधला, फार आवळला नाही. परशाचा हात बघायला हवा तुम्ही. नखांत कायमचं ग्रीस, आणि मूठ वळली की शिरा पाइपासारख्या वर आल्या. त्यांवर मधूनमधून बारीक गाठी. बसू म्हणाला, “ह्या गाठी आम्ही चुकवतो. तिथं सुई घातली की अडते.”

“त्याच झडपा,” सर म्हणाले.

त्यांनी मनगटाकडच्या बाजूला एका शिरेवर बोट दाबून धरलं. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं रक्त कोपराकडं सारत गाठीच्या पुढं नेलं आणि अंगठा उचलला. गाठीच्या वरची शीर टम्म. गाठ आणि बोट यांच्यामधला तुकडा मात्र सपाट, जणू तिथं शीरच नाही. वरून रक्त खाली येईना. मग दाबलेलं बोट उचललं, आणि तुकडा खालच्या बाजूनं सर्रकन भरला.

“एनआरव्ही,” परशा हळूच म्हणाला. स्वतःच्याच हाताकडं बघत होता.

गेटवर थांबलेला एक स्कूटरवाला मान वाकडी करून विचारतो, “काय झालं ओ? साप चावला काय?”

बसूनं पट्टा सोडला. वर्षानुवर्षं रोज तीस-चाळीस हात बांधतो, पण हे कधी करून बघितलं नव्हतं, हे त्यानं कबूल केलं. पण हार मानली नाही. “हे भारी हाय, मान्य. पण नंबर लुकलुकणाऱ्यालाच मिळणार.” सर म्हणाले, मिळू दे. मग त्यांनी जाता जाता बैलहोंगलच्या डॉक्टरांची आठवण काढली. मरणोत्तर देहदान केलेल्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन डॉ. महांतेश रामण्णवरांनी २०१० मध्ये इथं बेळगावात विद्यार्थ्यांसमोर स्वतःच्या हातानं केलं. तेवढ्यात मालगाडी आली, म्हणून की कशामुळं, पण बराच वेळ कोणी बोललं नाही.

पुढचं भांडण चार्टावरच्या नावांचं. मी म्हटलं, हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि परत आणते ती नीला. बसू म्हणाला, आमच्या पुस्तकात अपधमनी आणि अभिधमनी, आणि परीक्षक कन्नड असला तर नीला म्हणजे कोणाची पोरगी असं विचारेल. हृदय, रक्त, नाडी, मूत्रपिंड दोन्हीकडं तेच, अडलं ते नेमकं नळ्यांवर. दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड लावायला लागतं, आता शिरांनाही लावा, असं परशा म्हणाला. शेवटी दोन्ही लिहायचं ठरलं. फ्लेक्स एक फूट वाढला. (तो खर्च माझा.)

पुतणीला रात्री सगळं करून दाखवलं. तिनं आधी स्वतःचा हात बांधून बघितला, मग मैत्रिणींचे. “काका, आमच्या शिरा दिसतच न्हाईत.” तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याचे हात बघते. दूधवाला, प्लंबर, समोरचा गवंडी. वहीत रकाने पाडलेत: काम कोणतं, शीर दिसते की नाही, गाठी किती. आजीचे हात तिला पसंत होते, पण बसूनं बजावलं, आजींना पट्टा नको, कातडी पातळ असते, लगेच निळं पडतं.

प्रदर्शनासाठी शनिवारी परशानं हाफ डे टाकलाय. ग्रीस धुऊन येऊ की तसाच येऊ, असं त्यानं पुतणीला दोनदा विचारलं. ती म्हणाली, तसेच या. पट्टा बसूनं दिलाय, पण सोमवारी परत पाहिजे, लॅबचा आहे.