उणे पस्तीसला देव दिसतो

माझा मेहुणा उन्हाळ्यात सकाळी उठला की चहाच्या आधी उजनीची टक्केवारी बघतो. त्याला शेती नाही, विहीर नाही, पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. शेतकऱ्याच्या पोटात ज्या आकड्यानं गोळा येतो, त्याच आकड्यावर हा खूष. धरण शून्यावर आलं की याच्या चेहऱ्यावर तेज चढतं, आणि उणे वीसला तो मला फोन करतो.

उणे म्हणजे खरोखर उणे. उजनीच्या तळाशी ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा धरलेला आहे. त्यातलं पाणी वापरायला लागलं की टक्केवारी शून्याखाली उतरते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठला टेकली होती. या मृतसाठ्यात जुनं पळसदेव आहे. धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागं पसरलं, गाव उठून वर रस्त्याकडेला आलं आणि पळसनाथाचं शेकडो वर्षांचं देऊळ खाली पाण्यात राहिलं. पाणी उतरलं की आधी शिखर डोकं काढतं, मग खांदे, आणि फारच आटलं तर उंबरा. तेव्हा चालत जाता येतं. मेहुण्याच्या भाषेत, "सीझन ओपन झाला."

यंदा आकडा उणे पस्तीस झाला आणि आम्ही निघालो.

भिगवणच्या आसपास मी नुसतं विचारलं, "हेमाडपंती आहे ना?" मेहुण्यानं गाडी बाजूला घेतली. हा शब्द त्याच्यासमोर काढायचा नसतो, हे मी विसरलो होतो. हेमाद्रीपंत तेराव्या शतकातले, देवगिरीच्या यादवांचे प्रधान. अंबरनाथच्या देवळातला लेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा. तरी त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात! "मोडी यांनी आणली, बाजरी यांनी आणली, देवळं यांनी बांधली," मेहुणा स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला, "मग माणसानं प्रधानकी करायची कधी?" बायको म्हणाली, ते सगळं खरं, पण आधी रस पिऊ.

पळसदेवला रस्त्याकडेच्या रसवंतीत दोन-दोन ग्लास झाले. रसवाल्याला वाट विचारली. त्यानं हात लांब करून क्षितिजाकडे दाखवलं. "हे काय, समोरच."

गावाकडच्या 'समोरच'बद्दल एकदा सविस्तर लिहायला हवं. समोर दिसत होतं हे खरं. गाडी जिथं थांबली, तिथून शिखर इतकं स्पष्ट होतं की मी पाण्याची बाटलीही घेतली नाही. वीस मिनिटं चाललो तरी ते तेवढंच. पायाखाली धरणाचा तळ, भेगा पडलेला, पापडासारखा. शिंपले, फाटकी जाळी, वाळलेली चिलापी. सावली म्हणायला मेहुण्याची, आणि तोही पुढं पळत होता.

गाळाची एक गंमत असते. वरून तो डांबरी रस्त्यासारखा कडक दिसतो, आत मात्र खरवस. मेहुण्याचं वजन त्यानं पेललं, बायकोचं पेललं, आणि माझ्या वेळी विचार बदलला. उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. ओढून काढला तर पाय आला, चप्पल राहिली. कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. हाताला एक शिंपला लागला आणि एक काहीतरी, जे हललं. मी चौकशी थांबवली.

मेहुणा एव्हाना देवळाशी पोचून हाका मारत होता, "दाजी, वीरगळ बघा, वीरगळ!" तापलेल्या गाळावर एका पायानं नाचत मी गेलो. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, खरंच देखणे. खालच्या चौकटीत वीर लढताना पडलेला, मधल्यात अप्सरा त्याला उचलून नेताहेत, सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला. मी माझ्या पायाकडे पाहिलं. खालची चौकट झाली होती. अप्सरा सेल्फी काढत होती.

देवळाबद्दल मात्र काय बोलणार? एवढी वर्षं पाण्यात राहूनही विटांचं शिखर उभं आहे. आमच्या सोसायटीची गच्ची एका पावसात गळते. थंडगार गाभाऱ्यात डोकावलो. आत कोणीच नव्हतं.

परतताना एक म्हातारबाबा भेटले. दोघा पोरांना घेऊन काळ्या पाइपला तुकडा जोडत होते. पाणी मागं सरकतं तशी मोटार पुढं न्यायची, पाइप वाढवायचा, केबल वाढवायची, हा इथला उन्हाळी उद्योग. मी म्हटलं, "बाबा, देऊळ बघायला आलो होतो."

"दिसलंच की," माझ्या पायाकडे बघत ते म्हणाले. "तुमी पुण्याची मंडळी गाळात दिसाय लागली, की आमी वळखतो. अजून दोन पाइप आणाय पायजेत."

मग त्यांनी बाटली पुढं केली. तिघंही घटाघटा प्यायलो. तेवढ्यात बाबांनी हातानं दाखवलं : इथं चावडी, तिथं पार, त्या दगडाच्या अलीकडं आमचं घर. मी उभा होतो ती बहुतेक कुणाची तरी पडवी असावी. मेहुणा आयुष्यात पहिल्यांदा काही समजावून सांगत नव्हता.

"आन् देवाचं दर्शन घेतलं का?" बाबांनी विचारलं.

"घेतलं ना. पण आत पिंड नाही."

"आसंल कशी? गाव उठलं तवाच देव वर आणला. तुमी रस पेलात न्हवं? तिथनं हाकंच्या अंतरावर हाय."

बायकोनं मेहुण्याकडे पाहिलं. हे बघणं मी लग्नापासून ओळखतो, फक्त या वेळी ते माझ्या वाट्याचं नव्हतं.

वर नव्या देवळाशी सावली होती, नळ होता, गाडी दारात लागत होती. पाय धुतले. उरलेली डावी चप्पल पायरीशी काढली आणि आत जाऊन पिंडीपुढं हात जोडून बसलो. देवळात गेलो की माझा एक डोळा कायम दाराकडे असतो. त्या दिवशी दोन्ही मिटले.