गोठवलेलं दही म्हणे विष, आणि बाळाला मध चालतो!

आमच्या घरच्या ग्रुपवर परवा एक मेसेज येऊन पडला. लाल अक्षरं, मधेमधे कवटीची चित्रं आणि हवाला पुण्याच्या कुणा ‘मोठ्या बालरोगतज्ज्ञां’चा, ज्यांना नाव नाही. मजकूर थोडक्यात असा: दह्यात फळं घालून, गोठवून मुलांना देण्याचं खूळ ताबडतोब थांबवा. दही आणि फळं हा विरुद्ध आहार, त्याचं पोटात विष होतं. गोठवल्यावर दह्यातले जिवाणू मरतात आणि त्यांची प्रेतं आतड्यात सडतात. गार खाल्ल्यानं छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो. गोठलेली फळं घशात अडकतात. आणि द्यायचंच झालं तर साधं दही मध घालून द्या, मध नैसर्गिक आहे, सहा महिन्यांच्या बाळालाही चालतो.

असे मेसेज मी एरवी न वाचताच उडवते. पण त्यावर सासूबाईंचा लगेच फोन आला, “फळं-दही एकत्र देतीस व्हय गं पोरांना?” फ्रीजरमधला ट्रे त्याच दुपारी बेसिनमध्ये रिकामा झाला. तेही सोडून दिलं असतं. धाकट्या जावेचं बाळ आठ महिन्यांचं आहे आणि संध्याकाळी तिच्या ओट्यावर मधाची नवी बाटली दिसली, तेव्हा मात्र डोकं फिरलं.

म्हणून शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते. बाकीचा मेसेज बहुतेक अडाणीपणाचा आहे, ही ओळ जिवावर बेतणारी आहे.

वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. बोटाच्या टोकावर नाही, गुटीत नाही, चोखणीला लावून नाही, दह्यात कालवून तर नाहीच. हे माझं मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं बोट्युलिझम या आजाराच्या माहितीत पालकांना स्पष्ट बजावलं आहे की एक वर्षाच्या आधी मध देऊ नका. कारण असं: मातीत, धुळीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली झोपलेली रूपं, असतात आणि ते मधात येऊ शकतात. तुमच्या-माझ्या पोटात ते आले तरी आतड्यातले बाकीचे जिवाणू त्यांना वाढू देत नाहीत. बाळाच्या आतड्यात ती राखण अजून तयार झालेली नसते. तिथे ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. ते विष स्नायूंची ताकद काढून घेतं. बहुतेक वेळा आधी शी अडते. मग बाळ दूध नीट ओढत नाही, रडण्याचा आवाज बारीक होतो, पापण्या मिटायला लागतात, मान सावरत नाही. शेवटी श्वास. असं काही दिसलं की घरगुती उपाय करत बसायचं नाही. तडक बालरोगतज्ज्ञाकडे जायचं आणि मध दिला होता हे आपणहून सांगायचं. लाजेपायी लपवायचं नाही.

“आमचा मध शुद्ध आहे, ओळखीच्या माणसाकडून आणलाय” या वाक्याला इथे काडीचा अर्थ नाही. भेसळ नसलेल्या मधातही बीजाणू असू शकतात. घरी उकळून ते मरत नाहीत, गोठवून तर नाहीच नाही. आणि “आमच्या सगळ्या पोरांना मध चाटवला, कुणाला काही झालं नाही” हेही मला ऐकायचं नाही. आजार दुर्मीळ आहे, म्हणूनच बहुतेकांना काही होत नाही. ज्याला होतं त्याला अतिदक्षता विभागात ठेवावं लागतं. एवढ्या गोडव्यासाठी हा जुगार कशाला?

वर्षाच्या पुढे मध चालतो, पण तो साखरेपेक्षा साजूक आहे असं समजू नका. 2015 साली याच संघटनेनं साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात मध साखरेच्याच रांगेत बसवला आहे.

आता बाकीचं भराभर.

विरुद्ध आहार. असं म्हणणाऱ्याच्या घरी आम्रखंड होत नाही का? चक्का म्हणजे दही आणि आंबा म्हणजे फळ. दहीभातावर डाळिंबाचे दाणे घालतोच, आणि ज्या आमच्या सोलापूर जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, ज्या शहराशेजारी केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथल्या माणसांना हे सांगायचं म्हणजे कमाल आहे. बरं, आयुर्वेदाचे ग्रंथच काढायचे तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दह्याचे नियम आहेत. रात्री खाऊ नये, तापवून खाऊ नये, आणि तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्याशिवाय खाऊ नये. आवळा फळच ना? (त्यातला मध मोठ्या माणसांसाठी, तान्ह्या बाळांसाठी नव्हे.) केळं आणि दही-ताक एकत्र नको असं आयुर्वेदाचे दुसरे ग्रंथकार वाग्भट म्हणतात, हे मान्य. ज्यांना ते पाळायचंय त्यांनी केळं वगळावं, चिकू-आंबा घालावा. रात्री देऊ नका म्हणता, नाही देत. पण यातून ‘विष’ कुठून निघालं?

जिवाणूंची प्रेतं. हे वाचून मी मोठ्यानं हसले. एक तर गोठवल्यावर सगळे जिवाणू मरत नाहीत. काही मरतात, बरेचसे नुसते निपचित पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा कामाला लागतात. दुसरं म्हणजे, मेले तरी काय? आपण कढी करतो तेव्हा दही उकळतो, त्यात हे जिवाणू मरतातच. (हो, चरक तापवू नका म्हणतात आणि आपण कढी ओरपतो, तो हिशेब वेगळा.) पिढ्यान् पिढ्या कढीभात खाणाऱ्या लोकांच्या आतड्यात एव्हाना स्मशान व्हायला हवं होतं.

न्यूमोनिया. तो जंतूंनी आणि विषाणूंनी होतो, थंड पदार्थानं नाही. सर्दीही विषाणूंचीच. जानेवारीत आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पोरं कुल्फी खातात आणि नंतर शिंकतात, त्यात कुल्फीपेक्षा अंगाला अंग लागणाऱ्या गर्दीचा हात मोठा. न्यूमोनियाची खरंच काळजी असेल तर न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकॉकस जिवाणूविरुद्धची पीसीव्ही ही लस सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर असे तीन डोस. बाळाचं कार्ड काढून बघा. आधीच घसा सुजलेल्या, खोकणाऱ्या पोराला गार सोसत नसेल तर तेव्हा देऊ नका, एवढं कुठलीही आई जाणते.

राहिला घशात अडकण्याचा मुद्दा. इथे मात्र नाइलाजानं मान डोलवावी लागते. अख्खं गोठलेलं द्राक्ष लहान मुलाला देणं खरंच धोक्याचं आहे. आपल्याकडची सोनाका द्राक्षं तर जास्तच. सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या नानासाहेब काळ्यांनी निवडून काढलेलं हे वाण लांबट मण्याचं, गुळगुळीत, आणि गोठलं की गोटीसारखं टणक. पोरगं पळता पळता तोंडात टाकतं आणि ते थेट श्वासनलिकेच्या तोंडाशी जाऊन बसतं. पण हा धोका न गोठवलेल्या अख्ख्या द्राक्षालाही आहे. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलांसाठी द्राक्ष उभं चिरायचं, चार तुकडे करायचे. वर्षाच्या आतल्या बाळाला गोठलेलं काहीच नको, त्याला ताजं साधं दही आणि कुस्करलेलं फळ पुरे.

मोठ्या पोरांसाठी मी असं करते. दही फडक्यात बांधून चाळणीवर, फ्रीजमध्येच ठेवते. आपल्या उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर चक्का व्हायच्या आधी आंबून जातं. पाणी काढायचं कारण साधं आहे. दह्यात बहुतेक पाणीच असतं, तेच गोठून बर्फाचे खडे होतात आणि पोरं “कचकच लागतं” म्हणून थुंकतात. दही सायीचं असलं तर आणखी मऊ होतं. चक्क्यात पिकलेला आंबा किंवा चिकू कुस्करायचा, साखर शक्यतो नाहीच. मिनी इडलीपात्राच्या खाचांना पुसटसा तुपाचा हात, त्यात मिश्रण पातळसर पसरायचं. खाच भरायची नाही, जाड झालं की दातांनी तुटत नाही. वर चिरलेली द्राक्षं. तीन-चार तासांत गोठतं. पात्र उलटं करून पाठीवर नळाचं पाणी सोडलं की गोळे सुटतात. सोलापूरच्या नळाला उन्हाळ्यात येणारं पाणी त्यासाठी पुरेसं गरम असतं, एवढा एक फायदा. लाईट गेली आणि पातळ झालं तर पुन्हा गोठवत बसू नका, तसंच पिऊन टाका. आणि देताना पोराला खाली बसवून द्या, हातात घेऊन गच्चीवर पळायला नाही.

जावेकडची मधाची बाटली आता आमच्या फडताळात आहे. मेसेज पुढे पाठवणाऱ्या मामांना फोन केला. म्हणाले, “मी वाचलाच नव्हता गं, नुसता ढकलला.” त्यांनी ग्रुपवर खुलासा टाकलेला नाही अजून. आज रात्री पुन्हा फोन करणार आहे.