किडनीच्या गोळ्या मनानं बंद करू नका

किडनीच्या पेशंटनं बीपीची गोळी मनानंच सोडली असं ऐकलं की मला राहवत नाही. आणि आपल्या कोल्हापुरात हे लई चालतं बघा, ‘बीपी नॉर्मल आलंय की आता, कशाला गोळी?’ अहो गोळी खाताय म्हणून तर नॉर्मल आलंय!

आमच्या आण्णांना जुनी शुगर, त्यातनंच किडनीचं निघालं. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी चालू केली आणि पहिल्याच रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कमी चालली की रक्तात वाढतो तो कचरा, 1.8 चं 2.0 झालं, झालं, सगळे पैपावणे म्हणायला लागले गोळीनंच किडनी चालली. डॉक्टरांनी मग केसपेपरच्या मागं किडनीची चाळणी काढून दाखवली, की ही गोळी चाळणीवरचा दाब कमी करते, त्यानं लघवीतनं जाणारं प्रोटीन कमी होतं, पण दाब उतरला की सुरुवातीला क्रिएटिनिन जरा चढतं, 30 टक्क्यांपर्यंत चढलं तरी सहसा गोळी बंद करत नाहीत, फक्त दोनेक आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम परत बघायचं.

दुसरी डापाग्लिफ्लोझिन. मूळची शुगरची, पण 2020 च्या मोठ्या अभ्यासात शुगर नसलेल्या किडनी पेशंटनाही फायदा दिसला. पेटंट संपल्यावर जेनेरिक आली, आता बऱ्याच जणांना परवडते. उलट्या-जुलाब लागले तर मात्र या दोन्ही गोळ्या चालू ठेवायच्या की थांबवायच्या ते लगेच डॉक्टरांना फोन करून विचारायचं. रक्तातला फॉस्फरस कमी ठेवायची गोळी जेवतानाच घ्यायची असते, आईनं पाकिटावर पेनानं मोठ्ठं ‘घासाबरोबर’ लिहून ठेवलंय.

या गोळ्यांनी गेलेली किडनी परत येत नाही, हे खरंय. पण डायलिसिस काही वर्षं लांब जाऊ शकतं, आणि ती वर्षं म्हणजे घरच्यांसाठी काय असतं ते घरच्यांनाच ठाऊक.

इकडं एवढी काळजी घ्यायची आणि तिकडं गुडघा दुखला की मेडिकलातनं डायक्लोफिनॅक, म्हणजे किडनीला घातक असलेली दुखण्याची गोळी, आणून खायची, हे बघून जीव तुटतो. कमी सोडियमवालं मीठ पण बीपीला चांगलं म्हणून आणतात, त्यात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनवरच्या किडनी पेशंटला ते धोक्याचं. शहाळ्याचं पण तेच.

घरात कुणाला शुगर नाहीतर बीपी असेल तर नुसतं क्रिएटिनिन नको, लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे तेच लघवीतनं जाणारं प्रोटीन, पण वर्षातनं एकदा तपासा, शुगरवाल्यांचं बिघडायला लागलं की बहुतेकदा ते आधी तिथं दिसतं.