जनावरांचा पैसा माणसांच्या पगारात? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जखमी, मोकाट जनावरांच्या निवारा केंद्रातल्या कामगारांना आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, तोंडावर कमी करू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : लोक देणगी देतात ती मुक्या जनावरांसाठी, पगारासाठी नाही. पैसा कमी पडला तर आधी माणसं कमी करावीत, चारा आणि औषधं नव्हेत. सेवा करायला आलेल्याने नोकरीची हमी मागू नये. कोकणातल्या वेळासच्या गावकऱ्यांनी कासवं वाचवली ती काय पगारावर? यंदाच्या देणगीचा फेरविचार करणार, असंही तुम्ही लिहिलंय. शब्द कडक आहेत, पण त्यामागची कळकळ खरी वाटली, म्हणून सविस्तर लिहिते.

वेळासपासूनच सुरुवात करते, कारण ते उदाहरण तुमच्या बाजूचं नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या या गावात ऑलिव्ह रिडले कासवांचं काम सुरू केलं. पहाटे किनारा चालायचा, वाळूतल्या खुणांवरून घरटं शोधायचं, कोल्ह्याकुत्र्यांच्या आधी अंडी काढायची आणि कुंपण घातलेल्या जागेत तशाच खड्ड्यात पुन्हा पुरायची. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, आणि पिल्लं वर यायला दीड-दोन महिने. तोवर राखण. हे करणाऱ्या कासवमित्रांना मानधन मिळतं. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला, पाहुणे घरांत उतरू लागले आणि गावात पैसा आला. गावकऱ्यांची माया खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण इतकी वर्षं ते काम चाललं, ते करणाऱ्याच्या चुलीचा विचार झाला म्हणून.

आता निवारा केंद्र. महामार्गावर गाडीने उडवलेलं वासरू जुलैत येतं, तेव्हा बहुतेक वेळा जखमेत अळ्या पडलेल्या असतात. टर्पेंटाइनचा बोळा लावायचा, वर येणाऱ्या अळ्या चिमट्याने एकेक काढायच्या, जखम धुऊन मलम भरायचं. उद्या पुन्हा तेच, परवा पुन्हा तेच. कंबरेतून गेलेल्या कुत्र्याची कूस दिवसरात्र बदलावी लागते, पोट दाबून लघवी काढावी लागते. नाहीतर अंगाला जखमा होतात, लघवी तुंबते आणि ते जनावर त्यातच जातं. डॉक्टर येऊन सलाईन लावून जातात, पुढचे बावीस-तेवीस तास हे कामगार सांभाळतात. तुम्ही पगार आणि उपचार असे दोन रकाने केलेत. या केंद्रांत तो एकच रकाना आहे. औषधांचं कपाट भरलेलं आहे आणि माणूस नाही, तिथे जनावर मरतं.

आणि हा माणूस चटकन दुसरा मिळत नाही. लाळ गळणारं, गिळता न येणारं कुत्रं समोर आलं, की नवख्याला वाटतं घशात हाड अडकलंय, आणि तो तोंडात हात घालतो. जुना कामगार आवाज बदलल्याचं ऐकतो, चाल बघतो आणि रेबीजच्या शंकेने लांब उभा राहून डॉक्टरांना बोलावतो. अशा कामावर घ्यायच्या माणसाला आधी रेबीजची लस टोचावी लागते, तिचे डोस पूर्ण व्हायलाच काही आठवडे जातात. जूनमध्ये घरी पाठवलेला माणूस ऑक्टोबरमध्ये परत येईलच असं नाही. मुंबईची एसटी धरलेली असते त्याने.

कायदा त्यांना सांभाळेल, असं तुम्ही सुचवलंत. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औद्योगिक विवाद कायद्यातल्या ‘उद्योग’ची व्याख्या इतकी रुंद केली, की पगारी माणसं ठेवून चालणारी धर्मादाय संस्थाही तीत येऊ शकत होती. म्हणजे वर्षभर काम केलेल्याला काढायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांची भरपाई. १९८२ मध्ये दुरुस्ती करून अशा संस्था वगळायचं ठरलं, पण ती कलमं कधी अमलातच आली नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, आणि तिच्या व्याख्येतून धर्मादाय, सामाजिक कामाला वाहिलेल्या संस्था सरळ वगळल्या आहेत. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी आहे, पण ती साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला. आपल्या किनाऱ्यावरच्या छोट्या केंद्रांत दहा पगारी माणसं असतात कुठे? मला याचा राग येतो. भलं काम करता म्हणून तुम्हाला संरक्षण कमी, हा कुठला न्याय?

शिवाय काम वाढतंय. नोव्हेंबर २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री निवाऱ्यात न्यायला आणि महामार्गांवरची मोकाट जनावरं हटवायला सांगितलं. ती सांभाळणार कोण, हे कोणी विचारत नाही.

हिशेबाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे. जी केंद्रं जमाखर्च दाखवत नाहीत, त्यांना देणगीदाराने जाब विचारलाच पाहिजे. फक्त ‘पगारावर पाच टक्क्यांहून जास्त खर्च नको’ हा दंडक तुम्ही सीएसआरच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, नियमांतून उचलला असावा. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. जखम धुणाऱ्याच्या पगाराला नाही.

पावसाळ्यात देणग्या आटतात, पर्यटक नसतात, हेही खरं. पण नेमकं तेव्हाच १ जूनपासून यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बांधकामं थांबलेली असतात. लावणीचे थोडे दिवस सोडले तर काढलेल्या माणसाला दुसरं काम नाही. आपण घराघरांत आगोटीची बेगमी करतो, केंद्रंही पेंढा भरून ठेवतात. तशीच तीन-चार महिन्यांच्या पगाराची रक्कम मे महिन्याआधी वेगळी काढून ठेवता येते. त्यासोबत प्रत्येकाच्या हाती नेमणूक पत्र, त्यात नोटिशीची मुदत आणि भरपाई लिहिलेली. संहिता सक्ती करत नसेल, तरी लिहून द्यायला मनाईही करत नाही.

म्हणून देणगी थांबवू नका, अशी माझी तुम्हाला विनंती आहे. ती देताना केंद्राला विचारा, की कामगारांना नेमणूक पत्रं दिली आहेत का, सगळ्यांना रेबीजची लस झाली आहे का, आणि पावसाळ्याच्या पगाराची तजवीज किती आहे. समाधानकारक उत्तर मिळालं, तर पावतीवर ‘पगारासाठी’ असं लिहायला सांगा. तसं लिहिणारा देणगीदार मला तरी अजून भेटलेला नाही; तुम्ही पहिले झालात तर फार आनंद होईल.