आठ डॉलर आणि बटाट्याचं शेत

परवा एका घरी जेवायला जमलो होतो. मसालेभात, मठ्ठा, जिलेबी झाली आणि नेहमीप्रमाणे गाडी व्हिसा, सीमा, निवडणूक यांवर आली. आमचे एक काका (रक्ताचे नाहीत, पण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरच्या निम्म्या मराठी घरांचे काका आहेत) म्हणाले, "आम्ही 71 साली खिशात 8 डॉलर घेऊन उतरलो. कुणापुढे हात पसरला नाही. आणि हे लोक! तीनशे वर्षं झाली तरी सरकारच्या नावाने रडतायत."

'हे लोक' म्हणजे इथले काळे लोक, हे सांगायला नको. आपल्या मंडळींत त्यासाठी जो शब्द चालतो तो मी इथे लिहिणार नाही.

काकांचा मला राग येत नाही. बर्फात गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. 8 डॉलरही खरेच होते, तेव्हा रिझर्व्ह बँक परदेशी चलन जवळजवळ देतच नसे. पण ही गोष्ट ते विमानतळापासून सुरू करतात. माझं म्हणणं इतकंच की ती त्याच्या बरीच आधी सुरू होते, आणि तिची सुरुवात आमच्या हिक्सव्हिलला लागूनच आहे. देशी दुकानातून कोथिंबीर घेऊन निघालं की दहा मिनिटांत लेव्हिटाउन लागतं.

1947 पर्यंत तिथे बटाट्याची शेतं होती. महायुद्ध संपून लाखो सैनिक परतलेले, लग्नं झालेली आणि घरांचा पत्ता नाही. विल्यम लेव्हिट नावाच्या बिल्डरने कारखान्यात मोटार जोडतात तशी घरं जोडायला घेतली, फरक एवढाच की इथे घर जागेवर आणि कामगार फिरते. एका गटाने फक्त फरशी ओतायची, दुसऱ्याने फक्त रंग द्यायचा. दिवसाला तीसेक घरं उभी राहायची. 1951 पर्यंत 17,447 झाली. 1949 साली किंमत 7,990 डॉलर, माजी सैनिकाला आगाऊ रक्कम शून्य, हप्ता महिना 58 डॉलर. हे जमलं कारण 1944 च्या 'जीआय बिल'खाली, म्हणजे माजी सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्याखाली, कर्जाची हमी सरकारने घेतली होती. अमेरिकेत स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण 1940 ला 44 टक्क्यांच्या आत होतं, 1960 ला ते 62 च्या घरात गेलं. हा कष्टाचा विजय होता, हे मान्य. पण कष्टांच्या पाठीशी तिजोरी उभी होती.

(जाता जाता: लेव्हिटच्या नियमांत दर आठवड्याला गवत कापायचं आणि शनिवार-रविवारी कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, हेही होतं. आपल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा माणूस फार आवडला असता.)

सुरुवातीच्या करारात आणखी एक कलम होतं. घरात गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहायचं नाही. कामाला ठेवलेले नोकर चालतील. 1948 ला सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमं न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. करारातले शब्द गेले, रिवाज राहिला. लेव्हिट स्वतः ज्यू होता आणि ज्यू म्हणून नाकारलं जाणं काय असतं हे त्याला शिकवायची गरज नव्हती. तो म्हणायचा, घरांचा प्रश्न सोडवू शकतो किंवा वंशाचा, दोन्ही एकदम नाही. आणि हे एकट्या बिल्डरचं काम नव्हतंच. घरकर्जांचा विमा उतरवणारी सरकारी संस्थाच अशा कलमांची शिफारस करायची.

त्याच युद्धात सुमारे 12 लाख काळे सैनिक होते. जीआय बिल कागदावर त्यांचंही होतं. 1947 साली 'एबनी' मासिकाने मिसिसिपीतल्या 13 शहरांची पाहणी केली, तर हमी मिळालेल्या 3,229 कर्जांपैकी काळ्या माणसांना गेलेली कर्जं 2. दोन टक्के नव्हे, दोन.

ऑगस्ट 1957 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये बिल आणि डेझी मायर्स राहायला आले. वसाहतीतलं पहिलं काळं कुटुंब, आणि बिलसुद्धा माजी सैनिकच. रात्रीमागून रात्री घरासमोर जमाव जमायचा, दगडांनी काचा फुटल्या, राज्याचे पोलीस आणावे लागले. त्यांची धाकटी मुलगी तेव्हा तान्ही होती. तरी ते हलले नाहीत.

आता काकांचा व्हिसा.

1923 साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं. थिंदही अमेरिकी लष्करात होते! 1946 ला कायदा बदलला आणि नागरिकत्वाची वाट उघडली, पण भारतातून येणाऱ्यांचा कोटा ठरला वर्षाला 100. अख्ख्या भारताला शंभर! हा असाच राहिला असता तर काका आज चेंबूरमध्ये असते.

ब्रुकलिनचे खासदार इमॅन्युएल सेलर हे नाव मंडळात कुणाला ठाऊक नाही, हे मला खटकतं. कुठल्या देशातून किती माणसं घ्यायची हे ठरवणारा 1924 चा कोटा कायदा आला तेव्हा ते नवखे होते आणि विरोधात बोलले. 1946 च्या कायद्यावर त्यांचं नाव आहे. पुढे न्यायविषयक समितीचे अध्यक्ष म्हणून 1964 चा नागरी हक्क कायदा त्यांनीच पुढे रेटला, आणि ते जुने कोटे मोडणाऱ्या 1965 च्या स्थलांतर कायद्यावर पुन्हा त्यांचंच नाव. (साधुसंत नव्हते. स्त्री-पुरुष समान हक्कांची दुरुस्ती वर्षानुवर्षं अडवून बसले, आणि 1972 ला पक्षांतर्गत निवडणुकीत एका तरुण स्त्रीकडूनच हरले.)

7 मार्च 1965 ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या लोकांनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. 6 ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही झाली. 3 ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी स्थलांतर कायद्यावर सही केली आणि हा काही क्रांतिकारक कायदा नाही असंही सांगून टाकलं. संसद तीच, वर्ष तेच, युक्तिवादही तोच: देशातल्या माणसांना वंशावरून वेगळं वागवायचं नसेल, तर दारात उभ्या असलेल्यांना तरी तसं कसं वागवणार? त्या वादासाठी लाठ्या खाणाऱ्यांत आपलं कुणी नव्हतं. पुढच्याच वर्षी मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, सुरू झाला, डॉक्टर कमी पडू लागले आणि आपली मंडळी विमानात बसली.

तेव्हाच्या अमेरिकेतून मराठी माणसाने दोन गोष्टी उचलल्या. एकांनी व्हिसा घेतला. दुसऱ्यांनी तिथल्या काळ्यांच्या 'ब्लॅक पँथर' संघटनेवरून 1972 साली मुंबईत नाव घेतलं, दलित पँथर. आमच्या मंडळात पहिल्या गोष्टीवर स्मरणिका निघतात, दुसरीचा उल्लेख एकदाही ऐकला नाही.

हे सगळं मी तिथे बोलले. जरा चढ्या आवाजातच, कबूल करते. काका म्हणाले, "अगं, पण घर तर आम्ही स्वतःच्या पैशाने घेतलं ना?"

घेतलं की. पण कुठे? इथल्या 'न्यूजडे' दैनिकाने लाँग आयलंडच्या घरदलालांकडे गुपचूप ग्राहक पाठवून पाहिलं आणि 2019 मध्ये ते छापलं. काळ्या ग्राहकांना 49 टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाली. आशियाई ग्राहकांना 19 टक्के. म्हणजे आपल्यालाही!

काका गप्प झाले. तेवढ्यात काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, "74 साली लेव्हिटाउनचं ते कोपऱ्यावरचं घर बघायला गेलो होतो, आठवतंय? दलाल म्हणाला, कालच विकलं गेलं. पुढल्या रविवारी तुम्ही मुद्दाम गाडी तिकडून घेतलीत. पाटी तशीच होती."

काका म्हणाले, "तुला अजून आठवतं ते?"

"तुम्ही घरी आल्यावर दोन दिवस जेवला नव्हतात," काकू म्हणाल्या आणि जिलेबीचं ताट आत घेऊन गेल्या.