हँगर

क्रूझने गोव्याला जायची आयडिया बायकोची आणि स्वस्तातली केबिन घ्यायची माझी, त्यामुळे पुढे जे झालं त्याचं खापर कोणावर फुटलं ते सांगायला नको. केबिन खालच्या मजल्यावर, जहाजाच्या एकदम पुढच्या टोकाला, खिडकी नाही. "झोपायलाच तर जायचंय ना तिथे," असं मी बुकिंग करताना म्हणालो होतो. हे वाक्य मला त्या रात्री तीनदा ऐकवण्यात आलं.

मला भीती इंजिनाची होती. पण आमचे साडू मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनियर आहेत, त्यांनी व्हॉइस नोट पाठवून धीर दिला, की इंजिनाखाली रबराचे माउंट असतात, फ्लोअरिंगच्या खाली आवाज शोषणारं रॉकवूल असतं, आणि बऱ्याच नव्या क्रूझवर तर इंजिन नुसती वीज बनवतं, प्रॉपेलरची मोटर मागे पाण्याखाली वेगळ्या पॉडमधे, १९९८ पासून क्रूझवर हे चालू आहे, तुम्ही बिनधास्त झोपा. चार मिनिटांची नोट.

आणि खरंच हो, दिवा मालवला तर इंजिन नावालाच. पायाला बारीकशी थरथर, बस. आमचा फ्रिज याच्यापेक्षा जास्त बोलतो. पण गोची अशी की इंजिन गप्प बसलं की बाकी सगळ्यांना कंठ फुटतो. शेजारचे जळगावचे काका घोरायला लागले, मग काकू. दोन सारखे आवाज एकत्र आले तर डबल होत नाहीत, फक्त ३ डेसिबल वाढतात, हेही साडूंचंच ज्ञान. ते ३ डेसिबल मला स्पष्ट ऐकू येत होते.

आणि मग, टिक. टिक-टिक-टिक. गप्प. टिक.

बाथरूममधला ग्लास काढून टॉवेलवर ठेवला. टिक. खुर्चीवर उभा राहून छताचं पॅनल दाबून धरलं, तर थांबलं, सोडलं की चालू. "अहो, रात्रभर असेच उभे राहणार का?" रात्री दोनला साडूंना मेसेज केला, ते सिंगापूरजवळ, तिथे साडेचार, वॉचवर म्हणजे ड्यूटीवरच होते. म्हणाले, आवाज हवेत सेकंदाला ३४० मीटर जातो पण पोलादात जवळजवळ ५ किलोमीटर, त्यामुळे कुठलीही थरथर अख्ख्या जहाजात फिरते, कुठेतरी काहीतरी लूज असेल, शोधा. वर हेही सांगितलं की २०१४ पासून नियमच आहे, १० हजार ग्रॉस टनेजच्या (म्हणजे जहाजाच्या आकाराचं माप) वरच्या नव्या जहाजात केबिनमधे ५५ डेसिबलच्या पुढे आवाज नको. मी लगेच रिसेप्शनला फोन लावायला उठलो, तर पुढचा मेसेज आला, "तो क्रूच्या केबिनसाठी आहे, पॅसेंजरसाठी नाही."

शेवटी कपाट उघडलं. चार हँगर, दांडीला अडकवलेले, त्यातला शेवटचा बाजूच्या पत्र्याला अगदी नाजूकपणे टेकत होता. एवढे इंजिनियर, एवढं रॉकवूल, आणि हा. चारही हँगरना माझे मोजे घातले, कपाट लावलं. दार खडखडायला लागलं. उघडलं, बाथरूमचा टिश्यू घडी करून फटीत कोंबला, परत लावलं. असं चार-पाच वेळा, घडी कमी-जास्त करत. साडेतीनला शांतता.

साडेपाचला कोणीतरी गादीखाली मिक्सरमधे खडी घातली. बो थ्रस्टर! जहाजाच्या नाकातून आरपार बोगदा असतो, त्यात आडवा प्रॉपेलर, धक्क्याला लागताना जहाज बाजूला ढकलायला. बोगद्याच्या बरोबर वर कोण झोपलं होतं ते आलंच लक्षात. बायको काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

नाश्त्याला जळगावचे काका इडलीच्या लाइनमधे भेटले, डोळे लाल. "काय सांगू राव, इंजिनाचा त्रास नाही बरं का, पण रात्रभर कोणीतरी कपाट उघडत होतं, लावत होतं, उघडत होतं, लावत होतं."

मी म्हटलं, "थ्रस्टर असेल काका."